लूत लागलेले कुत्रे, न्यायालयाचे आदेश आणि आपल्या वस्त्या

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारागृहात ठेवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला. नसबंदी करून, रेबीजची लस देऊन कुत्री जिथून उचलली तिथेच सोडायची. रेबीज झालेली, तशी शंका असलेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडायची नाहीत. त्याच वेळी हे प्रकरण दिल्लीपुरते न ठेवता देशभराचे केले गेले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके आणि क्रीडासंकुले यांच्या आवारातली कुत्री हलवावीत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश आला.

या काळात चॅनेलवर जी भांडणे झाली ती आपण सगळ्यांनी पाहिली. एका बाजूला चावा बसलेल्या लेकराचे आईवडील, दुसऱ्या बाजूला कुत्र्यांना खाऊ घालणारे श्वानप्रेमी. दोघांचेही दुःख खोटे नाही. पण आपल्या वस्तीत ज्या कुत्र्यावर सगळ्यात आधी दगड पडतो, त्याच्याबद्दल या चर्चेत कोणी बोलले नाही. ते कुत्रे म्हणजे लूत लागलेले कुत्रे. केस झडलेले, कातडी हत्तीसारखी राखाडी आणि जाड झालेली, दिवसभर खाजवणारे, वास मारणारे. आपण त्याला हाकलतो, मुलांना त्याच्यापासून दूर ओढतो, आणि बहुतेक वेळा 'पिसाळलंय' म्हणून मोकळे होतो.

या लेखात आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की लूत म्हणजे पिसाळणे नव्हे, लूत बरी होते, आणि ती बरी करणे हे कोणाच्या दयेवर सोडायचे काम नाही. हा विषय कार्यकर्त्यांना किरकोळ वाटेल याची कल्पना आहे. त्यावर पुढे बोलूच.

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओसरीवर मागच्या वर्षावासात अशीच एक मादी येऊन बसायची. बाहेर पाऊस, आत ग्रंथवाचन. ती पाय आपटत खाजवायची तेव्हा तो आवाज आत ऐकू यायचा. दोन दिवस लोकांनी तिला काठीने हुसकावले. तिसऱ्या दिवशी कोणीतरी पालिकेच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, कोणाला चावली का? नाही म्हटल्यावर सांगण्यात आले की मग लगेच गाडी येणार नाही, नसबंदीची फेरी येईल तेव्हा बघू. फेरी आली, गाडीवरच्या पोऱ्यांनी तिला पाहिले आणि सोडून दिले. कातडी अशी सडलेली असताना डॉक्टर टाके घालणार नाहीत, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. जखमांनी भरलेल्या, हडकुळ्या जनावरावर शस्त्रक्रिया करायला कोणताही समंजस पशुवैद्यक धजणार नाही. म्हणजे तिची नसबंदी होत नाही कारण तिला लूत आहे, आणि लुतीवर उपचार होत नाहीत कारण ते नसबंदीच्या कामात बसत नाही. पुढच्या विणीला पिल्ले होतात आणि त्यांनाही तेच लागते.

लूत हा शब्द आपण सरसकट वापरतो. पशुवैद्यक मात्र आधी विचारतो, कोणती? डोळ्यांना न दिसणारे, कोळ्यांच्या वर्गातले, आठ पायांचे बारीक किडे म्हणजे माइट हे कारण दोन्हींत असते, पण त्यांची जात वेगळी आणि वागणेही वेगळे.

पहिला सार्कोप्टिस. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करते आणि त्यात अंडी घालते. अंड्यापासून पूर्ण वाढलेल्या किड्यापर्यंत साधारण तीन आठवडे लागतात. सुरुवात कानाच्या कडा, पुढच्या पायाची कोपरे, मागच्या पायाचे घोटे आणि पोट इथून होते. हा एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो, अंगाला अंग लागले की. थंडीत कुत्री एकमेकांना चिकटून झोपतात, तिथेच तो पसरतो. यातली खाज इतकी भयंकर का? कारण कुत्र्याचे शरीर त्या किड्याला, त्याच्या विष्ठेला वावडे म्हणून तीव्र प्रतिसाद देते. त्यामुळे किडे थोडे आणि खाज अफाट, असे घडते. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तरी अनेकदा किडा सापडत नाही आणि डॉक्टर लक्षणांवरूनच उपचार सुरू करतात. खाजवून जखमा होतात, जखमांत जंतू आणि बुरशी वाढते. आपल्याला जो वास सहन होत नाही, तो या जंतूंचा असतो.

दुसरा डेमोडेक्स. हा केसांच्या मुळाशी राहतो, आणि निरोगी कुत्र्यांच्या अंगावरही थोडा असतोच. (माणसाच्या चेहऱ्यावरही असतो, पण ती जात वेगळी.) जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, दूध पिताना, तो आईकडून पिल्लाकडे येतो. त्यानंतर तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागत नाही, माणसाला तर नाहीच. मग रोग कधी होतो? कुत्र्याची प्रतिकारशक्ती ढासळली की. उपासमार, पोटातले जंत, डिस्टेंपर, अशी कारणे. काही पिल्लांना तोंडाभोवती, डोळ्यांभोवती टक्कल पडते आणि खाणेपिणे सुधारले की आपोआप भरून येते. सगळ्या अंगावर पसरणारा प्रकार काही वंशांत आईबापाकडून येतो, म्हणून अशा कुत्र्यांची वीण घेऊ नये असे पशुवैद्यक सांगतात. पैसेवाल्यांसाठी जातिवंत पिल्ले काढणारे काही जण हे पाळत नाहीत. मग सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये आणलेले पग किंवा लॅब्रॅडॉर वर्षभरात केस गाळू लागते, आणि एके रात्री गाडीतून आणून आपल्या वस्तीच्या कडेला सोडले जाते. ज्या कुत्र्याची किंमत काल हजारांत होती, त्याच्यावर दुसऱ्या दिवशी आपली पोरे दगड मारतात.

आता माणसाला धोका किती, ते पाहू. पिसाळणे, म्हणजे रेबीज, हा विषाणूचा रोग आहे. तो मेंदूला होतो, लाळेतून येतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. लूत हा कातडीचा रोग. लूत लागलेले कुत्रे झडलेले दिसते म्हणून पिसाळलेले ठरत नाही, आणि गुळगुळीत केसांचे देखणे कुत्रे रेबीजमुक्त ठरत नाही. आपण नेमके उलटे वागतो. ओंगळ दिसणाऱ्याला घाबरतो आणि गोंडस पिल्लाने दात लावला तर हळद लावून गप्प बसतो. कोणत्याही कुत्र्याचा दात लागला, ओरखडा आला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. जखम रक्ताळलेली असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल डॉक्टरांना विचारायचे. सगळे डोस पूर्ण करायचे. केंद्र सरकारच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या सुमारे ३७ लाख घटना नोंदल्या गेल्या. यातले बरेच चावे पायी चालणाऱ्यांना, पहाटे कामाला निघणाऱ्या सफाई कामगारांना, उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना बसतात. गाडीतून फिरणाऱ्याला कुत्र्याची भीती कळत नाही, हे आम्ही मान्य करतो.

लुतीचे काय? डेमोडेक्स माणसाला लागत नाही. कुत्र्याचा सार्कोप्टिस माणसाच्या अंगावर येऊ शकतो. कुत्र्याला उचलणाऱ्याच्या हातावर, पोटावर लाल पुरळ उठते, खाज सुटते. पण तो किडा कुत्र्याच्या अंगाला सरावलेला असतो, माणसाच्या कातडीत त्याचे पिढ्यानपिढ्या चालत नाही. कुत्र्यावर उपचार झाले, संपर्क थांबला की काही आठवड्यांत पुरळ आपोआप जाते.

हे एवढ्या खुलाशाने सांगण्याचे एक कारण आहे. मुलांच्या एका वसतिगृहात खरजेची साथ आली होती. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुरळ, रात्री झोप नाही. व्यवस्थापनाने निदान काय केले? आवारातल्या कुत्र्यामुळे झाले. कुत्रे पोत्यात घालून लांब सोडून आले. मुलांना एकेक साबण दिला. खरूज गेली नाही, जाणारच नव्हती. माणसाची खरूज माणसाच्या सार्कोप्टिसने होते. ती एका माणसाकडून दुसऱ्याला लागते, एका खोलीत दहा-बारा मुले कोंबली, गादीला गादी लागली, टॉवेल एक झाले की. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे कळेपर्यंत सगळी खोली बाधित झालेली असते. त्यामुळे उपचार एकट्या मुलाला देऊन भागत नाही. डॉक्टरांनी दिलेले परमेथ्रिनचे मलम खोलीतल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचे, कपडे-चादरी गरम पाण्याने धुवायच्या, आणि साधारण आठवड्याने पुन्हा तेच करायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेला उपेक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले आहे. दाटीवाटीचा आणि गरिबीचा हा आजार आहे. त्याचा दोष कुत्र्यावर टाकला की खोल्या वाढवाव्या लागत नाहीत, गाद्या बदलाव्या लागत नाहीत, सगळ्यांचे मलम विकत आणावे लागत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावे आणि पुढच्या वेळी कुत्र्याला हाकलणाऱ्या अधीक्षकांना मलमाचा हिशोब विचारावा. खरूज झाली म्हणून लाजून गावी निघून जाणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांचे पेपर बुडाले.

आता उपचार. आपल्याकडे लूत लागलेल्या कुत्र्यावर लोक जळके ऑईल ओततात. गॅरेजमधून डबा आणायचा आणि ओतायचा. हेतू वाईट नसतो, पण कुत्रे अंग चाटते, ते तेल पोटात जाते, सोललेल्या कातडीतून भिनते, आणि यकृत-मूत्रपिंड निकामी होऊन ते कुठेतरी आडोशाला मरते. लूत गेली असे वाटते, कारण कुत्रेच दिसेनासे होते. रॉकेलचेही तेच. शेताच्या दुकानातून गोचिडाचे औषध आणून अंदाजाने लावणे हा दुसरा प्रकार. अमिट्राझसारखी औषधे लुतीवर चालतात, पण प्रमाणात, आणि लावणाऱ्याच्या हातात मोजे हवेत, कारण ती माणसालाही बाधतात.

गेली काही दशके लुतीवर सगळ्यात जास्त वापरले गेलेले औषध म्हणजे इव्हरमेक्टिन. जपानच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते निघाले. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्या कामासाठी २०१५ चे नोबेल मिळाले. माणसाच्या खरजेवरही ते चालते. आपल्याकडच्या लोकांना हे नाव कोविडमुळे माहीत झाले. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना ते देण्याची घोषणा केली होती. त्याच वर्षी पुढे देशाच्या कोविड उपचार-सूचनांतून ते वगळले गेले. ज्या रोगावर ते नक्की चालते, त्या खरजेसाठी मात्र कोणत्याही सरकारने अशी घोषणा केल्याचे आम्हाला आठवत नाही. असो. कुत्र्याला हे औषध डॉक्टरला न विचारता देऊ नये. कॉली आणि त्या वंशाच्या काही कुत्र्यांच्या मेंदूपर्यंत ते पोहोचते आणि जीव घेते. भटक्या कुत्र्यात कोणाचे रक्त मिसळले आहे हे बघून सांगता येत नाही.

इव्हरमेक्टिनची मोठी अडचण वेगळीच आहे. सार्कोप्टिसच्या लुतीला एका इंजेक्शनने भागत नाही, दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावे लागते. डेमोडेक्सला तर महिनोन्महिने रोज औषध लागते. भटके कुत्रे एकदा जाळ्यात सापडले की दुसऱ्यांदा माणूस पाहूनच पळते. म्हणून संस्थांची गाडी येते, एक इंजेक्शन देते, फोटो काढते आणि जाते, आणि कुत्रे महिन्याभरात होते तसे होते. गेल्या दहा-बारा वर्षांत आयसॉक्सॅझोलिन गटातल्या गोळ्या आल्या आणि हे गणित बदलले. गोळी खाण्यातून देता येते. काहींचा परिणाम महिनाभर, एकीचा जवळपास तीन महिने राहतो, आणि दोन्ही प्रकारच्या लुतीवर त्या चालतात. फिट्स येणाऱ्या कुत्र्यांबाबत जपावे लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तसा इशारा दिला आहे. पण पकडापकडी नको, जाळे नको. कोंबडीच्या तुकड्यात गोळी घालून ठरलेल्या कुत्र्याला ठरलेल्या दिवशी खाऊ घालणारा एक माणूस लागतो. आणि तो माणूस वस्तीतलाच असावा लागतो, कारण कुत्रे कुठे झोपते, कधी येते, कोणाच्या हातचे खाते, हे बाहेरून आलेल्या गाडीला कळत नाही. किंमत मात्र आहे. एक गोळी मजुराच्या एका दिवसाच्या रोजाएवढी, कधी त्याहून जास्त पडते. वस्तीने वर्गणी काढून हे किती दिवस करायचे?

इथे शासनाचा प्रश्न येतो. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केलेले, भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी ठरवतात. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांच्या कामांत, प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय आहे. नियमांप्रमाणे बरा न होणारा आजार किंवा प्राणघातक जखमा असल्याचे नेमलेल्या पथकाने ठरवले तरच कुत्र्याला वेदनारहित मरण देता येते. लूत या व्याख्येत बसत नाही, कारण ती बरी होते. तरीही कामाचा हिशोब मात्र किती नसबंद्या आणि किती लसी, एवढाच होतो. किती कुत्र्यांची लूत बरी केली, हा रकाना तुमच्या पालिकेच्या अहवालात आहे का, ते माहिती अधिकारात विचारून पाहा. रकाना नाही म्हणजे निधी नाही, आणि निधी नाही म्हणजे गोळी नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय-म्हैस घेऊन शेतकरी येतो, पण भटक्या कुत्र्याला घेऊन कोण येणार? केसपेपरवर मालकाचे नाव लिहायचे असते.

निवारागृहांबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त भीती आहे ती याच रोगामुळे. २०१९ च्या पशुगणनेत देशात भटकी कुत्री सुमारे १ कोटी ५३ लाख होती. यातली थोडी जरी कोंडायची म्हटली तरी पिंजरे अपुरे पडणार, आणि अंगाला अंग लागून पसरणाऱ्या रोगाला कोंडवाड्याहून चांगली जागा मिळणार नाही. उपासमार आणि भीतीने प्रतिकारशक्ती ढासळली की डेमोडेक्सही डोके वर काढतो. नव्या कुत्र्याला काही आठवडे वेगळे ठेवणे, आत येतानाच उपचार करणे, अंथरूण बदलणे, हे सगळे करायला माणसे लागतात. कोण आहेत ती माणसे? आम्ही पाहिलेल्या कुत्रागाड्यांवर आणि कोंडवाड्यांत काम करणारे बहुतेक कंत्राटी होते, आणि ते कोणत्या समाजांतून येतात हे या वाचकांना सांगायला नको. हातावर लाल पुरळ, दंडावर चाव्याचे व्रण, हातमोजे फाटलेले. रेबीजचा धोका असलेल्या अशा कामात चावा बसण्याआधीच लस घ्यावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही विचारले तेव्हा त्यातल्या एकालाही ती मिळाली नव्हती. आपल्या कामगार संघटनांनी हा मुद्दा हातात घ्यायला हवा.

२२ ऑगस्टच्या आदेशात आणखी एक गोष्ट होती. न्यायालयात आलेल्या श्वानप्रेमींनी प्रत्येकी २५ हजार आणि संस्थांनी २ लाख रुपये जमा करावेत, तरच त्यांचे म्हणणे पुढे ऐकले जाईल. तो पैसा कुत्र्यांच्या सोयींसाठीच वापरायचा आहे, हे खरे. पण ज्या वस्तीत चावा बसतो आणि ज्या वस्तीत लूत लागलेले कुत्रे झोपते, तिथल्या कोणाकडे २५ हजार आहेत?

आता तो आक्षेप. आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी तोंडावर म्हटले, माणसांना माणूस म्हणून जगू देत नाहीत आणि तुम्ही कुत्र्याची कातडी काय घेऊन बसलात? आम्ही हा आक्षेप हसण्यावारी नेत नाही. चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना पाणी पिता येत होते आणि आपल्या आज्या-पणज्यांना नव्हते, म्हणून २० मार्च १९२७ चा दिवस आपल्याला पाहावा लागला. १९३१ मध्ये मणिभवनात गांधींना भेटले तेव्हा बाबासाहेबांनी हेच सुनावले होते की जिथे कुत्र्या-मांजरांहून वाईट वागवले जाते त्या भूमीला आपली कशी म्हणायची. ज्या सोसायटीत कुत्र्याला लिफ्ट खुली आहे आणि कामवाल्या बाईला नाही, तिथल्या करुणेवर आमचाही विश्वास नाही. संविधानातले प्राणिमात्रांवर दयेचे कर्तव्य, कलम ५१-क, हे लोक फार तोंडपाठ म्हणतात. ते १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले आहे, मूळ संविधानात नव्हते, एवढे तरी माहीत असावे.

पण बाबासाहेबांच्या बोलण्याचा रोख माणसाला नाकारणाऱ्या माणसावर होता. पाणी पिणाऱ्या कुत्र्यावर नव्हता. आणि न तपासता, नुसते दिसण्यावरून एखाद्याला घाण ठरवून दगड मारण्याची रीत आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही, ती आपण अंगावर झेलली आहे. 'लूतभरं कुत्रं' ही शिवी गावात कोणाला उद्देशून दिली जायची, हे आपल्या म्हाताऱ्यांना विचारा.

शिवाय हा विषय आपल्या परंपरेला नवा नाही. संयुत्त निकायाच्या लाभसक्कार संयुत्तात एक छोटे सिगाल सुत्त आहे. पहाटे ओरडणाऱ्या एका म्हाताऱ्या कोल्ह्याकडे तथागत भिक्खूंचे लक्ष वेधतात. त्याला लुतीसारखा कातडीचा रोग झाला आहे. बिळात त्याला चैन नाही, झाडाखाली नाही, उघड्यावर नाही. लाभ आणि सन्मानाच्या मागे लागलेल्या भिक्खूची गत अशी होते, हे सांगण्यासाठी ती उपमा आहे. आजकालच्या नेत्यांनीही ते सुत्त वाचावे, पण तो वेगळा विषय. आमच्या मनात राहते ते त्यातले निरीक्षण. खाजेने झोप उडालेल्या जनावराला कोणतीच जागा सुखाची नसते, हे रात्रभर ऐकल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

आणि सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख. आपल्या राज्यात आणि सीमेपलीकडे, चोळ-पांड्यांपासून ताम्रपर्णीपर्यंत आणि यवन राजा अंतियोकाच्या मुलखातही, माणसांची आणि पशूंची अशी दोन प्रकारची चिकित्सा सुरू केल्याचे तो सांगतो. जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे आणून लावल्या. रस्त्यावर विहिरी खोदल्या, माणसांसाठी आणि पशूंसाठी. या लेखाची आठवण भाषणात आपण सगळेच काढतो. त्यात दानशूर शेठचे नाव नाही, राजाने ते राज्याचे काम म्हणून केले आहे. बावीसशे वर्षांहून अधिक काळ गेला आणि पालिकेच्या अहवालात लुतीचा रकाना नाही.

आम्ही काय केले, तेही सांगतो, फार मोठे नाही. विहाराच्या ओसरीवरच्या त्या मादीसाठी दोन मुलींनी जवळच्या पशुवैद्यकांना मोबाइलवर फोटो दाखवले, मग रिक्षातून डॉक्टरांनाच आणले. सार्कोप्टिस असावा असे ते म्हणाले. जखमांसाठी वेगळे औषध आणि महिन्याच्या अंतराने गोळी. पहिली गोळी तिने थुंकली, दुसऱ्या दिवशी कलेजीत दिली तेव्हा खाल्ली. दोन आठवड्यांत खाजवणे कमी झाले. दीड महिन्याने पाठीवर तांबूस लव आली आणि लोकांना कळले की ती तांबडी आहे, आजवर सगळे तिला काळी म्हणत होते. पुढच्या फेरीत गाडीवरच्या पोऱ्यांनी तिला नेले, नसबंदी झाली, कानाला खाच पाडून तिथेच आणून सोडले. तिच्याबरोबर झोपणारा एक नर मात्र आम्हाला सापडेपर्यंत कोणीतरी त्याच्यावर ऑईल ओतले होते. तो वाचला नाही.

तिची दोन पिल्ले नाक्यावरच्या बंद दुकानाच्या फळीखाली राहतात. एकाच्या कानांच्या कडा आता झडायला लागल्या आहेत. डॉक्टरांनी त्याला पहिली गोळी दिली आहे. दुसऱ्या गोळीची तारीख विहाराच्या फळ्यावर, पौर्णिमेच्या कार्यक्रमाखाली, खडूने लिहून ठेवली आहे. वर्गणीत अजून दोनशे रुपये कमी आहेत.